संच वाढवला

बटण हिरवं होतं, जेवणाच्या ताटाएवढं, आणि त्याला वायर नव्हती.

मी स्वतः स्टेजमागे जाऊन वाकून पाहिलं. खाली नुसती फळी. इलेक्ट्रिशियन शिडीवर उभा राहून दिवे लावत होता. त्याला म्हटलं, "अरे, याची वायर कुठाय?" तर म्हणतो, "वायर कशाला हवी मॅडम? मंत्री बटण दाबणार, लोक टाळ्या वाजवणार. संच तर तुम्हीच खाली आणणार ना?" आणि फिदीफिदी हसला. त्याच्यावर चिडून काय उपयोग, तो खरं तेच बोलत होता.

संच म्हणजे एक बॉयलर, एक टर्बाइन आणि एक जनित्र. एका बाजूने कोळसा आत, दुसऱ्या बाजूने वीज बाहेर, आणि खालून राख. आमच्या केंद्रात असे दोन होते. एक गेल्या वर्षी गेला. दुसरा उद्या जाणार होता, मंत्र्यांच्या हस्ते, वाजतगाजत. त्याच्या नियंत्रण कक्षात मी शिफ्टप्रमुख. चोवीस वर्षं या केंद्रात गेली, त्यातली अकरा त्याच खुर्चीत.

आधीच सांगून टाकते, माझा सूर्यावर राग नाही. आणि कोळशाचं मला काडीचं प्रेम नाही. माझी ताई राखेच्या बाजूला काम करते; तिच्या छातीत काय साठलंय ते मी रोज सकाळी भिंतीपलीकडून ऐकते. जाऊ दे तो धूर एकदाचा. पण धूर घालवायच्या नावाखाली माणसं घालवायची आणि वर हिरवं बटण मिरवायचं, याची मला चीड आहे. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा.

आता ते "वाढवला"चं प्रकरण सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खातंय.

दुकानदार संध्याकाळी दुकान बंद करतो, तेव्हा "बंद केलं" म्हणत नाही. "वाढवलं" म्हणतो. बंद हा शब्द तोंडातून काढायचा नाही, अभद्र दिसतं. आमच्या केंद्रातही पहिल्यापासून तीच रीत. संच दुरुस्तीला घेतला, लिहा "वाढवला". नळी फुटून धाडकन बसला, तरी लिहा "वाढवला". मी नवी होते तेव्हा एकदा नोंदवहीत "संच बंद" असं लिहिलं. मला काम शिकवणाऱ्या म्हाताऱ्या ऑपरेटरनं माझ्या हातातलं पेनच काढून घेतलं. "पोरी, बंद पडतं ते घड्याळ. संच वाढवायचा असतो." त्यानंतर माझ्या हातानं दुसरा शब्द लिहिला नाही. शुद्ध येड्यांचा बाजार, पण आमचा आम्हाला प्रिय.

तर तीन वर्षांपूर्वी सरकारनं ठरवलं की कोळसा संपवायचा. कामगारांनी संप केला, बोलणी झाली, करार झाला. करारात एक कलम होतं, ते मला तोंडपाठ आहे. संच ज्या दिवशी कायमचा बंद होईल, त्या दिवशी हजेरीपटावर असलेल्या प्रत्येक माणसाला, मग तो कायम असो की कंत्राटी, कंपनीच्या नव्या सौर प्रकल्पात काम. आणि तो दिवस कोणता, ते नियंत्रण कक्षाच्या नोंदवहीवरून ठरेल. हे शेवटचं वाक्य आमच्याच लोकांनी भांडून घालून घेतलं होतं. कारण केंद्रात सगळे खोटं बोलतात पण ती वही खोटं बोलत नाही, असा आमचा समज. पानांना नंबर असतात. पान फाडायचं नाही. चुकलं तर एकच रेघ मारायची, शेजारी सही करायची, आणि तीही लिहिणाऱ्यानंच, दुसऱ्या कुणी नाही.

गेल्या वर्षी संच एक खाली आला तेव्हा मंत्री नव्हते, बटण नव्हतं. दुपारची साधी शिफ्ट. माझीच. मी सवयीनं लिहिलं, "संच क्र. १ वाढवला, वेळ १६.४०." आणि डबा खायला गेले.

पंधरा दिवसांनी संच एकच्या राखेच्या कंत्राटाची मुदत संपली आणि बावन्न माणसं फाटकाबाहेर. सहा महिन्यांनी कंपनीनं पत्र काढलं की संच एक आजपासून कायमचा बंद. त्या दिवशी हजेरीपटावर कोण? कुणी नाही. माणसं दाद मागायला गेली, तेव्हा कंपनीच्या वकिलानं माझ्या अक्षरातली नोंद मोठ्यानं वाचून दाखवली. म्हणाला, "यात बंद असा शब्दच नाही. वाढवला, असं आहे. वाढवणे म्हणजे विस्तार करणे, मुदत वाढवणे. उलट संच चालू ठेवायचा होता असंच यावरून दिसतं." लोक हसले. तोही हसला. त्या सहा महिन्यांत संच एकचे पंप काढून संच दोनला लावून झाले होते, आत कबुतरांनी अंडी घातली होती, आणि हा म्हणतो विस्तार! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. पण खालचा निकाल कंपनीच्या बाजूनं लागला. अपील केलं, ते अजून चालू होतं.

त्या बावन्नात पैलवान होता. अंगानं काडी, म्हणून पैलवान. ताई संच दोनकडे गेली त्याआधी तिच्याबरोबर एकोणीस वर्षं काम केलेला. एकदा राखेचा पाइप फुटून उकळतं पाणी उडालं, तेव्हा त्यानंच ताईला खांद्यावर टाकून फाटकापर्यंत पळत नेलं होतं. स्वतःचे पाय पोळले ते दुसऱ्या दिवशी कळलं. निकालानंतर तो मला रस्त्यात भेटला. "मॅडम, तुमचं अक्षर मात्र सुरेख आहे हं," एवढंच म्हणाला. टोमणा होता की कौतुक, मला अजून ठरवता आलेलं नाही.

बटण पाहून मी वर आले तर मोठ्या साहेबांचा निरोप. मोठे साहेब म्हणजे केंद्रप्रमुख. गोगलगाय नि पोटात पाय असा माणूस. कधी आवाज चढवत नाही, खुर्ची स्वतः पुढे ओढून देतो.

"उद्याची नोंद नेहमीसारखीच करा," ते म्हणाले.

"नेहमीसारखी म्हणजे कशी?"

"तुमची ती परंपरा आहे ना. वाढवला. मला फार आवडतो तो शब्द."

मग त्यांनी एक पत्र माझ्याकडे सरकवलं. संच दोन पुढची तीन वर्षं राखीव राहणार. ग्रिडला वीज कमी पडली तर चालवायचा, नाही पडली तर नुसता ठेवायचा, आणि चालो न चालो, सरकार कंपनीला तो राखीव ठेवल्याचे पैसे देत राहणार.

"मग उद्या मंत्री बंद काय करणार आहेत?"

"तो कार्यक्रम आहे हो."

"लोकांना सांगायचं बंद, ग्रिडला सांगायचं राखीव, आणि वहीत वाढवला. एका संचाला तीन नावं?"

"हे बघा," ते शांतपणे म्हणाले, "सौर प्रकल्पाची निम्मी वीज वाहून आणायला अजून तारा नाहीत. ढग आले की काय करायचं? आधार लागतो. तुम्हाला मी हे शिकवायला नको."

शिकवायला नकोच होतं. हे मलाही पटत होतं, आणि त्याचाच जास्त राग आला. म्हटलं, "ठेवा ना राखीव, मी कुठे नको म्हणते? मग राखेच्या बाजूची एकाहत्तर माणसंही राखीव ठेवा. संच पुन्हा पेटवाल तेव्हा राख कोण काढणार, तुम्ही?"

"त्यांचं कंत्राट महिनाअखेर संपतं. झोपलेल्या संचाला राख कसली? आणि सौर प्रकल्पाला माणसं लागत नाहीत, हेच तर त्याचं कौतुक आहे." मग आवाज अजून खाली आणून म्हणाले, "कायम लोकांच्या नोकऱ्या तीन वर्षं इथेच राहतील. घरं राहतील. तुमचीसुद्धा. एका शब्दाचा प्रश्न आहे."

म्हणजे गेल्या वर्षी मी अजाणता जे केलं, ते यांनी शिकून ठेवलं होतं, आणि आता जाणूनबुजून माझ्याच हातून पुन्हा करून घ्यायचं होतं. माझ्याच पेनानं माझ्याच बहिणीचा केसानं गळा कापायचा. मी उठले. दार आपटलं. ते त्या दाराला सवयीचं नव्हतं.

घरी आले तर ताई मागच्या नळावर बूट धूत बसली होती. ती आणि मी एकाच घरात राहतो, मधे भिंत घालून. तिच्या भुवया कायम करड्या. कितीही धुतल्या तरी राख निघत नाही. वय झालं म्हणून करड्या झाल्या असतील तरी आता कळायला मार्ग नाही.

ताई आणि माझ्यामधली एक गोष्ट आम्ही कधी बोलत नाही. आमचे बाबा याच केंद्रात कामाला होते. ते सेवेत असताना गेले, आणि घरातल्या एकाला कायमची नोकरी मिळणार होती. हक्क मोठीचा. पण ताई केंद्राच्या ऑफिसात गेली आणि म्हणाली, "धाकटीचं गणित चांगलं आहे, तिला घ्या." आणि स्वतः कंत्राटदाराकडे राखेत उतरली. मी परीक्षा देत देत खुर्चीपर्यंत आले. ती चोवीस वर्षं गमबुटातच राहिली.

"काय म्हणाले साहेब?" तिनं विचारलं.

मी सगळं सांगितलं. ती बूट घासत राहिली.

"तो प्रकल्पाचा फॉर्म भरलाय मी," ती म्हणाली. "पुस्तिका पण वाचली. काचा कशा धुवायच्या, कधी धुवायच्या, तापल्यावर गार पाणी मारायचं नाही. राखच पुसायची गं, फक्त काचेवरची. आणि उघड्यावर. श्वास घेता येईल."

"हो."

"मी तुझ्याकडे कधी काही मागितलंय?"

"नाही, ताई."

"मग आता मागते. उद्या बंद लिही. कायमचा बंद. स्पष्ट, कुत्र्यामांजरालाही कळेल असं."

"लिहिते."

"नुसतं लिहिते नको. तुझा हात लबाड आहे."

"लिहिते म्हटलं ना!" मी ओरडले.

"ओरडू नकोस, बहिरी नाहीये मी." मग बूट उपडे ठेवत म्हणाली, "पैलवानाच्या अपिलालाही उपयोग होईल बघ. एकदा तुझ्या हातचं बंद आलं की मागचंही त्यातच धरतील." मलाही तसंच वाटलं. आम्ही दोघीही शहाण्या, पण वकिली शहाणपण आमच्यात कुठलं?

दुसऱ्या दिवशी कार्यक्रम दुपारी चारला. संच असा एका झटक्यात बंद होत नाही. आधी तासभर लोड उतरवत आणावा लागतो, कोळसा दळणारी एकेक गिरणी थांबवायची, तेलावर ज्योत सांभाळायची, आणि शेवटी ब्रेकर उघडायचा, म्हणजे संच ग्रिडपासून तुटतो. ठरलं असं की आम्ही सगळं उतरवून ठेवायचं, स्टेजवर बटण दाबलं की फोन येणार, "आता", आणि मी ब्रेकर उघडायचा. नियंत्रण कक्षात कार्यक्रम दाखवायला एक टीव्ही आणून ठेवला होता.

पण मंत्र्यांना पुढे कुठे जायची घाई. त्यांनी भाषण आटोपतं घेतलं आणि ठरल्या वेळेच्या सहा मिनिटं आधीच बटण दाबून मोकळे झाले. टाळ्या. फुगे. आणि समोर माझ्या मीटरवर संच अजून चाळीस मेगावॅट देतोय! फोनवरचा माणूस किंचाळत होता, "आता, आता!" म्हटलं, "आता काय आता? ज्योत विझवू का, बॉयलर फोडू?" टीव्हीवर मंत्री वर हात करून म्हणत होते, "बंधू-भगिनींनो, हा जो उजेड तुमच्या डोक्यावर आहे, तो आता सूर्याचा आहे." त्यांच्या डोक्यावरचे दिवे आमच्या कोळशावर चालले होते. खाली राखेच्या बाजूला त्याच क्षणी माझी बहीण राख साठते त्या हॉपरचं तोंड मोकळं करत उभी होती. उचलली जीभ लावली टाळ्याला!

चार वाजून दोन मिनिटांनी मी ब्रेकर उघडला. टर्बाइनचा आवाज उतरत गेला. एवढ्या वर्षांत तिथे घड्याळाची टिकटिक कधी ऐकू आली नव्हती, ती ऐकू आली.

मी नोंदवही ओढली.

शेजारच्या डेस्कवर पंतोजी होता. वयानं मोठा, सगळ्यांचं शुद्धलेखन सुधारतो म्हणून पंतोजी. तो खुर्ची सरकवून जवळ आला. "हे बघ," हळूच म्हणाला, "माझ्या मुलीची इथल्या शाळेची दोन वर्षं राहिलीत. मला शंभर कोस लांब काचा मोजायला पाठवू नकोस. तू वाढवला लिही. तू काही खोटं लिहीत नाहीस. आपण तेच लिहितो."

"आणि एकाहत्तर जणांनी काय करायचं?"

"त्यांना काय, हातावरचं काम. कुठेही मिळेल."

"माझी बहीण आहे त्यात, पंतोजी."

"माहीत आहे," तो म्हणाला. "म्हणूनच तर भीती वाटते."

मी पेन टेकवलं. "संच क्र. २" लिहिलं. आणि पुढे काय झालं ते सांगायलाही मला लाज वाटते. माझं लक्ष पंतोजीच्या बोलण्यात, आणि हातानं आपला नेहमीचा रस्ता धरला. "व" लिहून झाला. काना देऊन झाला. तेव्हा मला दिसलं. ताई म्हणाली तेच, हात लबाड. मी त्या "वा"वर एक रेघ मारली, शेजारी सही केली, नियमाप्रमाणे. आणि पुढे ठसठशीत लिहिलं, "कायमचा बंद. वेळ १६.०२." त्याखाली फाटकावरचा हजेरीपट मागवून एकाहत्तर नावं एकेक करून उतरवली. पंतोजी डोक्याला हात लावून बसला.

साहेब वर आले ते हार गळ्यात तसाच ठेवून. पान वाचलं. पहिल्यांदा मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला.

"खोडा हे."

"नाही."

"मी सांगतोय, खोडा."

"नियम तुम्हाला माहीत आहे साहेब. लिहिणाऱ्यानंच खोडायचं असतं. आणि लिहिणारी खोडणार नाही. मंत्री आत्ता सगळ्या देशासमोर बंद म्हणाले, मी तर फक्त वहीत म्हणाले. त्यांना खोडायला सांगा."

त्या संध्याकाळी मला निलंबनाचं पत्र मिळालं. अधिकाराबाहेरची नोंद. कायम लोकांनी माझ्याशी बोलणं सोडलं. पंतोजीची बायको मला बघून रस्ता ओलांडायला लागली. तरी सांगते, मी खूश होते. ताईनं त्या दिवशी दोनदा जेवायला वाढलं आणि एकदाही टोमणा मारला नाही. यापेक्षा जास्त काय हवं?

दोन महिन्यांनी सुनावणी लागली. संच दोनच्या एकाहत्तर जणांचा अर्ज आणि संच एकच्या बावन्न जणांचं अपील, दोन्ही एकाच दिवशी, एकाच टेबलासमोर. लांबट खोली, वर पंखा, सुनावणी घेणारे अधिकारी मधोमध. एका बाकावर ताई आणि तिची माणसं, दुसऱ्यावर पैलवान आणि त्याची. मी साक्षीदार.

कंपनीचा वकील तोच. उभा राहिला आणि म्हणाला, "एकाहत्तर जणांबद्दल आमची हरकत नाही. नोंद स्पष्ट आहे. कंपनी त्यांना काम देईल."

ताईनं माझा दंड असा दाबला की वळ उठला. मंत्र्यांच्या भाषणानंतर कंपनीला दुसरं काही म्हणता येणारच नव्हतं. मी म्हटलं, जिंकलो. मूर्ख मी.

मग त्यानं दोन वह्या टेबलावर शेजारी शेजारी उघडून ठेवल्या. गेल्या वर्षीची आणि या वर्षीची.

"दोन्ही अक्षरं तुमचीच ना बाई?"

"हो."

"या वर्षी तुम्ही संच कायमचा बंद झाला तेव्हा 'कायमचा बंद' असं लिहिलंत."

"हो."

"म्हणजे हे शब्द तुम्हाला येतात."

मला काय चाललंय ते अजून कळेना. "येतात म्हणजे? मराठी आहे."

"आणि त्याआधी हा एक 'वा' खोडलेला दिसतो. शेजारी तुमची सही. हा कशाचा 'वा'?"

"वाढवलाचा."

"म्हणजे तुम्ही 'वाढवला' लिहायला घेतलं, थांबलात, तो शब्द चुकीचा आहे असं ठरवून रेघ मारलीत, आणि त्या जागी 'कायमचा बंद' लिहिलंत. साहेब," तो अधिकाऱ्यांकडे वळला, "या दोन शब्दांचा अर्थ एकच नाही, हे आम्ही म्हणत नाही. नोंद करणारीच म्हणते. सहीनिशी."

"अहो, काहीतरीच काय!" मी उठून उभी राहिले. "आम्ही सगळेच वाढवला म्हणतो! दुकानदार दुकान वाढवतो म्हणजे बंदच करतो ना? कुणालाही विचारा!"

"अगदी बरोबर," वकील म्हणाला. त्याला मी आयतीच सापडले होते. "दुकानदार संध्याकाळी दुकान वाढवतो. आणि सकाळी काय करतो, बाई?"

खोलीत कुणी हसलं नाही यावेळी.

"सकाळी काय करतो?"

"उघडतो," मी म्हणाले.

मी आणखी खूप बोलले. पंपांबद्दल बोलले, कबुतरांबद्दल बोलले, तुम्हाला लाज कशी वाटत नाही असंही बोलले. अधिकाऱ्यांनी मला दोनदा बसायला सांगितलं आणि तिसऱ्यांदा शिपायाला बोलावलं. एकाहत्तर मंजूर. बावन्न नामंजूर, आणि त्यावर आता पुढे अपील नाही.

बाहेर आल्यावर ताईची माणसं पायऱ्यांवर उभी होती. आनंद करायचा की नाही ते कुणाला समजेना. बावन्न जण आमच्या शेजारून खाली उतरून गेले. पैलवान ताईपाशी थांबला, म्हणाला, "तब्येत सांभाळ आता. मोकळी हवा आहे तिकडे." तिनं मान हलवली. माझ्याकडे त्यानं बघितलं नाही.

ताईला सौर प्रकल्पाचं पत्र आलं त्या दिवशी मी काहीतरी गोड करायला घेतलं. तिनं गॅस बंद केला.

"पैलवानाकडे जाऊन आलीस?"

"नाही."

"मग आधी तिकडे जा."

"काय तोंडानं जाऊ, ताई? हात दाखवून अवलक्षण करून बसले मी. तुझ्यासाठीच लिहिलं ना ते? तूच म्हणालीस ना, बंद लिही?"

"मी म्हणाले," ती म्हणाली. "आणि मी उद्या तिकडे जाऊन काचा पुसणार आहे. मला ते गिळायचंय, मी गिळीन. तू तुझं बघ. जा."

गेले. भर दुपारी. दोन खोल्यांचं घर, दार उघडंच. पैलवान खाटेवर बसून एका पंख्याची मोटर खोलत होता. आजूबाजूला शेजाऱ्यांचे आणखी तीन पंखे. बायकोनं मला पाहिलं आणि आत निघून गेली. त्यानं मात्र पाय आवरून घेतले आणि मला बसायला जागा केली. पोळल्याचे डाग घोट्यापर्यंत दिसत होते.

मी रस्ताभर पुष्कळ पाठ करून आले होते. कंपनीला शिव्या, वकिलाला शिव्या, साहेबांना, त्या हिरव्या बटणाला. सगळ्या खऱ्या होत्या आणि सगळ्या त्याला आधीच माहीत होत्या. त्या सगळ्या बाजूला ठेवल्या.

"माझं चुकलं," मी म्हणाले.

त्यानं स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला आणि माझ्याकडे नीट बघितलं. रागानं नाही. खरंच माहिती हवी असल्यासारखं त्यानं विचारलं,

"कुठल्या वेळी, मॅडम?"